जेवणघरातले कार्यालय: पुढे उघडणाऱ्या मेज-कपाटाचा चौदा महिन्यांचा अनुभव

आमच्या घरात कामासाठी वेगळी खोली नाही. हिशेबतपासणीचे माझे काम घरून सुरू झाले तेव्हा मी जेवणघरातल्या गोल टेबलावरच बसू लागले, आणि पुढची दोन वर्षे ती खोली ना धड जेवणाची राहिली ना धड कामाची. ताटे मांडायची वेळ झाली की लॅपटॉप, फायली, कॅल्क्युलेटर आणि वायरींचे भेंडोळे उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे आणि जेवण आटोपले की पुन्हा मांडायचे, असे दिवसातून तीनदा चाले. सासूबाई रोज न चुकता विचारत, "अगं, हे उचलू का, की असू दे?" या प्रश्नात तक्रार नव्हती, पण त्याचे उत्तर देताना मला दर वेळी अपराधी वाटे, कारण टेबल सगळ्यांचे होते आणि ते मी अडवून बसले होते.

त्यावर उपाय म्हणून आम्ही पुढे उघडणारे मेज-कपाट घेतले आणि त्याच्या अनुषंगाने सगळ्या खोलीची मांडणी, रंग आणि दिवे बदलले. हे परीक्षण मुख्यतः त्या कपाटाचे आहे, परंतु असे कपाट एकटे काही करू शकत नाही, ते ज्या खोलीत उभे राहते त्या खोलीनेही त्याला साथ द्यावी लागते, म्हणून खोलीविषयीही विस्ताराने लिहीत आहे. या खोलीत येणाऱ्या प्रत्येक वस्तूला मी एकच कसोटी लावली: दिवस संपल्यावर काम नजरेआड करायला ती किती वेळ घेते.

कपाट बंद असताना १०० सेंटीमीटर रुंद, ४० सेंटीमीटर खोल आणि १८० सेंटीमीटर उंच आहे. खाली तीन ड्रॉवर, वर दोन दारांचा कप्पा आणि मधल्या भागात खालच्या बाजूने बिजागरीवर बसवलेली एक फळी, जी पुढे ओढली की आडवी होऊन लिहिण्याचे मेज बनते, अशी त्याची रचना आहे. कल्पना नवीन नाही. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात याच पद्धतीची, उभी फळी पाडून लिहायला बसण्याची कपाटे प्रतिष्ठित घरांच्या दिवाणखान्यांत असत, आणि पत्रे, हिशेब व खासगी कागद कुलपाआड ठेवून बाहेरून केवळ एक देखणे लाकडी कपाट दिसावे, हाच तेव्हाही त्यांचा हेतू होता. आमच्या कपाटाला कुलूप नाही, आणि ग्राहकांची कागदपत्रे हाताळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे. मी नंतर एका ड्रॉवरला सुताराकडून कुलूप बसवून घेतले.

उघडलेली फळी जमिनीपासून ७४ सेंटीमीटर उंचीवर येते. लिहिण्याच्या मेजाची उंची साधारण ७२ ते ७५ सेंटीमीटर असते आणि जेवणाची टेबले त्याहून जरा उंच, ७६ सेंटीमीटरपर्यंत असतात. हा फरक बोलताना क्षुल्लक वाटतो, पण टंकलेखन करताना कोपर काटकोनात राहावे आणि खांदे वर उचलले जाऊ नयेत, यासाठी दोन सेंटीमीटरही पुरेसे ठरतात. जेवणाच्या टेबलावर काम करत असताना संध्याकाळपर्यंत माझी मान आखडत असे. मी त्याचे खापर वयावर फोडत होते, आणि कपाटाच्या फळीवर काम सुरू केल्यानंतर तीन आठवड्यांत ती तक्रार जवळजवळ थांबली.

खरी कसरत झाली ती जागेच्या हिशेबाची. आमचे जेवणघर ३६० सेंटीमीटर लांब आणि ३०० सेंटीमीटर रुंद आहे आणि गोल टेबलाचा व्यास १२० सेंटीमीटर आहे. खुर्ची मागे सरकवून सहज उठता यावे आणि बसलेल्याच्या मागून दुसऱ्याला जाता यावे, यासाठी टेबलाची कड आणि भिंत यांच्यात ९० सेंटीमीटर अंतर लागते. रुंदीच्या बाजूला हे नेमके बसते, दोन्हीकडे ९० सेंटीमीटर उरतात. लांबीच्या बाजूला मात्र एका भिंतीशी कपाटाचे ४० सेंटीमीटर आणि त्यापुढे उघडलेल्या फळीचे ५५ सेंटीमीटर धरावे लागतात. समोरच्या भिंतीकडे ९० सेंटीमीटर सोडल्यानंतर फळीची कड आणि टेबलाची कड यांच्यात फक्त ५५ सेंटीमीटर उरतात. काम करणारा माणूस तेवढ्यात बसतो, परंतु त्या बाजूची जेवणाची खुर्ची हलवावी लागते. म्हणजे एकाच वेळी चौघांचे निवांत जेवण आणि पाचव्याचे काम या खोलीत होऊ शकत नाही. मला ही मर्यादा मान्य आहे, किंबहुना ती उपकारक ठरली असे मी म्हणेन, पण विकत घेणाऱ्याला ती आधी ठाऊक असली पाहिजे. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात कपाटाची फक्त बंद स्थितीतली खोली दिली होती. फळी उघडल्यावर ते भिंतीपासून ९५ सेंटीमीटर पुढे येते, हा आकडा आम्ही स्वतः टेप लावून काढला.

या मांडणीमुळे आणखी एक गोष्ट घडली, जिचा आम्ही आधी विचारच केला नव्हता. टेबल सरकले, पण छतातला टांगता दिवा खोलीच्या मध्यावरच राहिला. टेबलाचा मध्य खोलीच्या मध्यापासून ३० सेंटीमीटर पलीकडे गेल्यामुळे दिवा टेबलाच्या मध्यावर न येता एका बाजूला लोंबू लागला, आणि संपूर्ण खोली कललेली वाटू लागली. छत फोडून वायर नव्याने टाकण्याऐवजी आम्ही टेबलाच्या मध्याच्या बरोबर वर छतात एक हूक बसवला, दिव्याची वायर लांब करून घेतली आणि मूळ जागेपासून हुकापर्यंत तिला सैल झोळ देऊन दिवा तिथून खाली सोडला. कापडी आवरणाची वायर वापरल्याने तो झोळ मुद्दाम केल्यासारखा शोभून दिसतो. जेवणाच्या टेबलावरचा दिवा टेबलाच्या पृष्ठभागापासून ७५ ते ९० सेंटीमीटर उंचीवर असावा असा संकेत आहे. आम्ही तो ८० सेंटीमीटरवर ठेवला. त्यामुळे बसलेल्या माणसांना एकमेकांचे चेहरे अडथळ्याविना दिसतात आणि उजेड ताटांवर पडतो.

दिव्यांबाबत मला अधिक सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या प्रकारच्या खोलीत बहुतेक चुका इथेच होतात आणि आमच्याही झाल्या. जेवणाला मऊ, पिवळसर उजेड चांगला वाटतो, म्हणून टांगत्या दिव्यात आम्ही २७०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर), डिमरवर म्हणजे उजेड कमीजास्त करणाऱ्या बटणावर चालणारा एलईडी बल्ब लावला. सुरुवातीला साधाच बल्ब लावला होता आणि डिमर खाली आणला की तो फडफडत असे, म्हणून खोक्यावर डिमरचा स्पष्ट उल्लेख असलेला बल्ब आणावा लागला. दिव्याची टोपी निवडताना मी पॉल हेनिंग्सेन यांनी १९५८ मध्ये घडवलेल्या पीएच ५ या डॅनिश दिव्याची छायाचित्रे बराच वेळ न्याहाळली होती. त्याच्या एकाखाली एक बसवलेल्या कडा अशा योजल्या आहेत की टेबलाभोवती कुठेही बसले तरी आतला बल्ब थेट डोळ्यांत येत नाही. आमची टोपी त्या दिव्याची नक्कल नाही, तिचा आकार साधा आहे, पण बल्ब कडेच्या बराच आत लपलेला असावा हा नियम मी तिथून घेतला, आणि जेवणाच्या वेळी तो डोळ्यांना जाणवतो.

कामाच्या वेळी मात्र हाच दिवा निरुपयोगी ठरला. मी कपाटाकडे तोंड करून बसते, म्हणजे दिवा माझ्या पाठीमागे येतो, माझ्याच अंगाची सावली फळीवरच्या कागदांवर पडते आणि स्क्रीनमध्ये दिव्याचे प्रतिबिंब उमटते. वाचन, लेखन आणि संगणकावरील कामासाठी कार्यालयांच्या प्रकाशयोजनेचे युरोपीय मानक ईएन १२४६४-१ हे कामाच्या पृष्ठभागावर ५०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) उजेड असावा असे सांगते. उसना आणलेला लक्समापक फळीवर ठेवला तेव्हा टांगता दिवा पूर्ण प्रखर असूनही आकडा १३० च्या वर जाईना. त्यामुळे फळीच्या वरच्या कप्प्याच्या तळाला, पुढच्या कडेशी, दुधी झाकण असलेल्या ॲल्युमिनियमच्या पन्हळीत ४००० केल्विनची एलईडी पट्टी बसवली. आता फळीवर ५०० लक्सपेक्षा थोडा अधिक उजेड मिळतो, तो वरून आणि समोरून येतो, आणि कागदावर सावली पडत नाही. दुधी झाकणाशिवाय नुसती पट्टी चिकटवण्याची चूक कोणी करू नये, कारण तिचे ठिपके फळीच्या पृष्ठभागावर एकेक करून दिसतात आणि डोळ्यांना टोचतात.

दोन रंगांचे उजेड एका खोलीत ठेवताना एक पथ्य पाळावे लागते. दोन्ही दिवे एकदम लावून व्हिडिओ बैठकीला बसले तर चेहऱ्याचा एक भाग निळसर आणि कडा पिवळट दिसतात. त्यामुळे पट्टीचा दिवा लागला की टांगता दिवा बंद, आणि टांगता लागला की पट्टी बंद, असे आमच्याकडे ठरले आहे. काही दिवसांतच घरातल्यांना यातून एक खूण मिळाली. पांढरा उजेड असेल तर मी कामात आहे आणि पिवळा असेल तर खोली सगळ्यांची आहे, हे मुलीलाही न सांगता कळू लागले.

दिवसाच्या उजेडासाठी कपाटाची जागा बदलावी लागली. पहिल्या आराखड्यात ते खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीला होते, म्हणजे खिडकी माझ्या पाठीशी आली असती आणि दुपारभर स्क्रीनवर तिचे प्रतिबिंब पडले असते. खिडकीलाच लागून ठेवले असते तर स्क्रीनमागचा लख्ख उजेड डोळ्यांना सहन झाला नसता. आता कपाट खिडकीशी काटकोन करणाऱ्या भिंतीला आहे आणि उजेड डावीकडून येतो, त्यामुळे उजव्या हाताने लिहिताना हाताची सावली अक्षरांवर येत नाही.

रंगांच्या बाबतीत मी आधी ज्या गोष्टीचा हट्ट धरला होता तीच नंतर बदलली. जेवणघरात एक भिंत गडद विटकरी रंगाची असावी असे मला वाटत होते आणि ती कपाटाची भिंत असावी असेही ठरले होते. रंगाऱ्याने हात मारल्यावर ती संध्याकाळी सुरेख दिसली, पण दिवसा उजळ स्क्रीन आणि तिच्यामागे काळोखी भिंत या विरोधामुळे डोळे थकू लागले. शेवटी कपाटाची भिंत मध्यम छटेच्या राखी हिरव्या रंगात घेतली आणि गडद विटकरी रंग समोरच्या, म्हणजे काम करताना माझ्या पाठीमागे येणाऱ्या भिंतीला दिला. त्याचा दुहेरी लाभ झाला. जेवताना ती भिंत खोलीला ऊब देते, आणि बैठकीत कॅमेऱ्याला माझ्यामागे तीच एकसंध, मॅट पार्श्वभूमी दिसते, त्यामुळे मागचा पसारा लपवण्याची चिंता उरत नाही. कपाटही भिंतीच्याच राखी हिरव्या रंगाचे मागवले होते. या निर्णयाचे मला सर्वाधिक समाधान आहे, कारण फळी बंद केली की ते भिंतीत मिसळून जाते आणि पाहुण्यांच्या लक्षात येते ते टेबल, कपाट नव्हे.

फळीच्या आतल्या बाजूला मॅट लॅमिनेट आहे आणि ते घेतल्याबद्दल मी निर्मात्याला पूर्ण गुण देईन. चकचकीत पृष्ठभागावर वरच्या पट्टीचे प्रतिबिंब पडले असते. लॅमिनेटवर पाण्याच्या पेल्याचा वर्तुळाकार डाग उमटत नाही, शाई ओल्या फडक्याने पुसली जाते आणि चौदा महिन्यांत त्यावर एकच ओरखडा पडला आहे, तोही माझ्याच हातून निसटलेल्या कटरचा.

आतली जागा मात्र विचारपूर्वक वापरावी लागते. स्क्रीन कपाटाच्या मागच्या पाठीला टेकवून ठेवली तर ती डोळ्यांपासून ७५ ते ८० सेंटीमीटर दूर जाते. हात लांब करून बोटे पोहोचतील एवढ्या, म्हणजे ५० ते ७० सेंटीमीटर अंतरावर ती असावी, म्हणून मी तिला दुमडता येणाऱ्या धातूच्या हातावर बसवले आणि काम करताना पुढे ओढते. हा हात मागच्या पातळ पत्र्यासारख्या फळीवर बसवता येत नाही, तो कपाटाच्या आतल्या आडव्या जाड फळीला शिकंज्याने धरावा लागतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली येईल इतकी उंची त्यामुळे मिळते. एकापेक्षा अधिक मोठ्या स्क्रीन ज्यांना लागतात त्यांना हे कपाट पुरणार नाही, १०० सेंटीमीटरच्या रुंदीतून दोन्ही बाजूंच्या फळ्यांची जाडी वजा केली की आत दुसरी स्क्रीन मावत नाही.

वायरींसाठी मागे एकच भोक होते आणि त्यातून प्लग जात नव्हता, फक्त वायर जात होती. आम्ही ते मोठे करून घेतले. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर न ठेवता कपाटाच्या आत बाजूच्या भिंतीला स्क्रूने बसवला, कारण जेवणघरात फरशी पुसली जाते आणि पाणी सांडते. तो थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडलेला आहे, एका बोर्डाला दुसरा जोडण्याचा मोह आम्ही टाळला. लॅपटॉप चार्जिंगला लावून फळी बंद करणेही मी सोडून दिले आहे. पहिल्या महिन्यात एकदा तसे केले होते आणि तासाभराने उघडले तेव्हा आतली हवा चांगलीच तापली होती. बंद कपाटात ती उष्णता बाहेर पडायला वाट नसते, आणि इथे निर्मात्याने मागच्या पाठीला चार झडपा ठेवल्या असत्या तर हा प्रश्न सुटला असता.

खुर्चीबद्दल थोडक्यात सांगते. जेवणाच्या खुर्चीची बैठक ४५ सेंटीमीटर उंच आहे आणि ७४ च्या फळीशी तिचा मेळ बसतो, पण कमरेला आधार नसल्याने दीड तासापलीकडे ती चालत नाही. म्हणून उंची कमीजास्त होणारी, कमी उंचीच्या पाठीची खुर्ची जेवणाच्या खुर्च्यांच्याच कापडात घेतली आणि तिला मऊ रबरी चाके लावली. कठीण फरशीवर मऊ चाके आणि गालिच्यावर कठीण चाके असे त्याचे गणित आहे. गालिचा मात्र घेतला नाही. खुर्ची मागे सरकली तरी तिचे पाय गालिच्यावरच राहावेत, यासाठी तो टेबलाच्या कडेपासून ६० सेंटीमीटर बाहेर यावा लागतो, म्हणजे आमच्या टेबलाला २४० सेंटीमीटर व्यासाचा, आणि त्याची कड नेमकी माझ्या खुर्चीच्या चाकांखाली आली असती. आवाज घुमू नये म्हणून गालिच्याऐवजी खिडकीच्या दुप्पट रुंदीचे, भरपूर चुण्यांचे जाड पडदे लावले, त्याने खोलीतला घुमारा पुष्कळ कमी झाला.

आता तक्रारीचा भाग. फळीला तोलून धरणारे दोन धातूचे दांडे कपाटाच्या बाजूंना स्क्रूने बसवलेले आहेत आणि त्या बाजू भुशाच्या दाबफळीच्या आहेत. अशा दाबफळीत स्क्रूची पकड प्लायवूडइतकी टिकत नाही. आठव्या महिन्यात डाव्या दांड्याचे स्क्रू ढिले झाले, आणि टंकलेखन करताना फळी हलू लागली. विक्रेत्याकडे कळवले तेव्हा दुरुस्तीसाठी माणूस यायला तीन आठवडे लागले, आणि त्याने तेच स्क्रू पुन्हा घट्ट केले, जे महिन्याभरात पुन्हा सुटले. अखेर आमच्या सुताराने बाजूच्या फळीतून आरपार बोल्ट घालून बाहेरून चपटे नट बसवले. तेव्हापासून फळी ठाम आहे. नटांवर कपाटाच्या रंगाचा हात दिल्याने ते दिसत नाहीत, पण ग्राहकाला हे करावे लागू नये असे मला मनापासून वाटते, कारण दिवसातून दोनदा उघडझाप होणारा आणि माणूस ज्यावर हात टेकणार तो भागच सर्वाधिक मजबूत असायला हवा. मागची पातळ पाठही पावसाळ्यात मध्यभागी थोडी फुगली, आणि ती अजून तशीच आहे.

एवढे असूनही मी हे कपाट परत केले नसते. संध्याकाळी काम संपले की कागद ड्रॉवरमध्ये, कीबोर्ड आतल्या कप्प्यात, स्क्रीन मागे ढकललेली आणि फळी वर, याला मला आता चार मिनिटे लागतात, आणि सासूबाई त्यानंतर कोणालाही न विचारता टेबल पुसून ताटे मांडतात. माझ्या पतींना आठवड्यातून दोन दिवस घरून काम असते तेव्हा ते गोल टेबलावर बसतात, आणि त्या दिवशी जुना गोंधळ थोड्या प्रमाणात परत येतो. दोघांचे काम नियमितपणे घरून चालणार असेल तर या एका कपाटावर विसंबू नये.

आज पुन्हा घ्यायचे असते तर मी हाच आकार आणि हाच रंग निवडला असता, पण बाजूच्या फळ्या प्लायवूडच्या, दांड्यांना पहिल्या दिवसापासून बोल्ट, पाठीला झडपा, निदान एका ड्रॉवरला कुलूप आणि प्लग जाईल एवढे भोक, या पाच गोष्टी लेखी मागून घेतल्या असत्या. आणि मागणी नोंदवण्याआधी जमिनीवर चिकटपट्टीने बंद कपाट, उघडी फळी, खुर्ची आणि टेबल यांच्या रेषा आखून घरातल्या सगळ्यांना त्यांच्यामधून दोन दिवस वावरायला सांगितले असते. तसे केले असते, तर दिव्याच्या हुकाचा खर्च आणि एका भिंतीचा रंग दोन्ही वाचले असते.